लाल गाडीसमोरचं गाऱ्हाणं

“अरे व्हय म्हण! व्हय म्हण मरे!”

माझे वडील ओरडत होते. मुलुंडच्या एका सोसायटीच्या आवारात, भर दुपारी, एका लाल गाडीसमोर हात जोडून ते असे ओरडत होते की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडून ठाण्याच्या हद्दीत गेली ती परत आलीच नाहीत. ज्याच्यावर ओरडत होते तो त्या गाडीचा मालक. आमची आणि त्याची ओळख त्याच सकाळची. तोही हात जोडून उभा होता, पण तोंड घट्ट मिटून. आणि मी दोघांच्या मधे, सौद्याच्या टोकनचं पाकीट हातात धरून, पुढे करावं की परत खिशात कोंबावं या विचारात.

हे इथवर कसं आलं ते सांगायचं तर बोरिवलीत, आमच्या स्वयंपाकघरात जावं लागेल.

माझ्या वयाची माणसं गुडघ्याला कुठलं तेल लावतोस ते विचारतात. मला मात्र इंजिनात कुठलं तेल घालतोस ते विचारावंसं वाटत होतं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मागे बसून, रिक्षांच्या धुरात आणि ऑफिसच्या बसमध्ये, रोज थोडा थोडा म्हातारा होत आलो होतो. एकदा तरी अशी गाडी हवी होती, की पायाने नुसतं विचारावं आणि तिने आधीच उत्तर द्यावं. शोरूममधून तशी नवी उचलायची ऐपत सात जन्मात नव्हती. ऐपत एवढीच, की साध्या नव्या गाडीच्या पैशात जुनी तेज गाडी घ्यायची. आणि तीही एकदाच. चुकलो तर पुन्हा साठवेपर्यंत माझं लायसन्स आणि मी, दोघेही कालबाह्य.

बायकोने कांदा चिरता चिरता अट घातली.

“घे तुला हवी ती. पण गणपतीला तिने आपल्या सगळ्यांना गावी न्यायचं. एकदा, फक्त एकदा जरी ती बंद पडून तिला ओढायला टोचन लागलं ना, तर ती विकायची आणि पुढची गाडी मी निवडणार.”

तिची निवड मला ठाऊक होती. पांढरी, सीएनजीवाली, डिकीत सिलिंडर, म्हणजे आयुष्यभर बॅगा मांडीवर. आणि डॅशबोर्डवर मान हलवणारं कुत्रं. माझ्या डोळ्यांसमोर ते कुत्रं आत्ताच मान हलवू लागलं.

“आणि बघायला जाशील तेव्हा बाबांना घेऊन जा,” ती म्हणाली. “एकटा गेलास तर लाल रंग बघूनच सही करून येशील.”

तर वडील माझ्याबरोबर आले. एके काळचे गिरणी कामगार, आता पूर्णवेळ मालवणी. गाड्यांतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. त्यांच्या हातात कायम एक कापडी पिशवी, पिशवीत एक नारळ. “खयची पसंत पडली तर? आयत्या वेळी नारळ खयसून हाडशील?” असं त्यांचं म्हणणं. हाडणं म्हणजे आणणं. तो नारळ अख्खी उपनगरं माझ्याबरोबर फिरला. माझ्यापेक्षा जास्त टेस्ट ड्राइव्ह त्याने घेतल्या असतील.

सल्लागार म्हणून मरोळचा एक शाळासोबती होता, गॅरेजवाला. त्याच्याएवढा बढाईखोर माणूस मी आरशात सोडल्यास दुसरीकडे पाहिलेला नाही. तो म्हणायचा की नुसत्या हॉर्नवरून तो गाडीची कुंडली सांगतो. पण त्याची एक गोष्ट मी गाठीला बांधली.

“गाडी बघायला गेलास की आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी त्याने चालू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं ना, तेव्हा ते खरं बोलतं. धूर, खडखड, सगळं. एकदा गरम झालं की तेही मालकासारखं गोड बोलायला लागतं, यार.”

हे ऐकल्यापासून मला नादच लागला. मी उगाच कुणाच्याही बॉनेटवर हात ठेवू लागलो. पेडलचं रबर किती झिजलंय ते बघायचं आणि मग मीटर बघायचं. पेडल गुळगुळीत आणि मीटर कोवळं असेल तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि पेडलला खोटं बोलायला येत नाही. चालकाची सीट एका बाजूने दबलेली असेल तर मी विचार करत बसे, कोण असेल हा? जाडा असेल? की रोज खिडकीतून हात बाहेर काढून बसत असेल? गाडीत सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं मला कुतूहल. एका गाडीत सीटच्या फटीत लहान मुलाचा मोजा निघाला. त्या मुलाचं आता लग्न झालं असेल, असा मोजा होता तो.

आणि सगळ्यात मोठं कुतूहल एकच: हा विकतोय कशाला?

याचं उत्तर मुंबईत ठरलेलं असतं. “डॉक्टरची गाडी आहे, साहेब.” जी गाडी पाहावी ती डॉक्टरची. फक्त दवाखान्यात जायची आणि यायची. मी बघितलेल्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असत्या तर अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात एकही माणूस आजारी उरला नसता.

पहिली पाहिली ती अंधेरीत. छोटी टर्बो गाडी, जमिनीला टेकलेली. वडिलांनी दार उघडून आत बघितलं आणि विचारलं, “ह्यात बसूचा की निजाचा?” मी बॉनेटवर हात ठेवला तो भाजला. त्यावर आंबोळी घातली असती तर जाळी पडली असती. मालक म्हणजे दंडाचा आकार माझ्या मांडीएवढा असलेला एक तरुण. त्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवून घेतली होती. एक्सलेटर दाबला की मागून असे बार निघत की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी वरात आली म्हणून खिडक्या उघडल्या. मी मरोळला फोन लावला.

“सोड,” सोबती म्हणाला. “दुसऱ्याने ऊर फुटेस्तोवर पळवलेलं जनावर आहे ते. तुझ्याकडे येऊन बसेल.”

दुसरी घाटकोपरला. जर्मन सेडान, काळी, रुबाबदार. अर्थातच डॉक्टरची. बॉनेट थंड. इंजिन मुकाट्याने चालू झालं. मी हरखलो. वडील मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले, आणि नाक वर केलं.

“गोराईचो वास येता,” ते म्हणाले.

“गोराईचा?”

“खाडीचो.”

मी पायाखालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेल्या चिखलाची साय. ही गाडी कधीतरी पावसाच्या पाण्यात खिडक्यांपर्यंत बुडून उभी होती आणि मग तिला धुऊन, पुसून, अत्तर फवारून डॉक्टरची केली होती. मी कार्पेट आणखी थोडं उचललं तर एक कुर्ली नांग्या उगारत बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि ती परत आत गेली. वडील आजही म्हणतात की कुर्ली नव्हती, झुरळ होतं. त्यांचं वय झालंय.

असे आठवडे गेले. गणपती जवळ येत चालले. बायकोच्या फोनवर पांढऱ्या गाड्यांच्या जाहिराती यायला लागल्या होत्या. तिने त्या मुद्दाम मागवल्या की त्या आपणहून आल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग मुलुंडची लाल.

जपानी सेडान, आता बनत नाही ती. टर्बो नाही, फेरफार नाहीत, साधा गिअर. पण इंजिन असं की तीन हजार आरपीएमपर्यंत देवळातल्या पुजाऱ्यासारखं पुटपुटतं आणि पुढे डबलबारी भजनातल्या बुवासारखं टिपेला जातं. मी बॉनेटवर हात ठेवला. थंड. पेडल झिजलेलं, मीटरवरही तेवढंच पळणं. दोघं एकच बोलत होते. मरोळचा सोबती या वेळी जातीने आला होता. त्याने आपलं स्कॅनर यंत्र जोडलं, भुवया उंचावल्या, खाली उतरून तेलाचं झाकण हुंगलं आणि म्हणाला, “झकास. एक एरर कोड नाही. डोळे मिटून घे.” एवढं बोलून तो त्याच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाकडे पळाला.

मालक माझ्याच वयाचा, कुर्ल्याकडे नोकरीला जाणारा, बोलायला शांत. विकण्याचं कारण विचारलं तर म्हणाला, “पोरगी मोठी झाली. मोठी गाडी घ्यायचीय.” डॉक्टर नव्हता, हेच मला केवढं खरं वाटलं! त्यात वडिलांनी गाव विचारलं, आणि निघाला कुडाळकडचा. आमच्या गावापासून नदी ओलांडली की यांचं गाव. मग काय, वडिलांच्या तोंडातून मुंबईची मराठी गळून पडली आणि दोघं अशी माणसं मोजू लागले, की शेवटी कुणाच्या तरी आतेच्या नणंदेवर गाठ पडलीच.

घासाघीस झाली. रक्कम ठरत आली. एकच गोष्ट उरली होती, टायर कुणी बदलायचे. मी टोकनचं पाकीट खिशातून काढलं, ते नुसतं दाखवायला. म्हणजे त्याने टायरचं मनावर घ्यावं.

वडिलांनी पाकीट पाहिलं आणि सौदा झाला असं समजले. पिशवीतून नारळ काढला, गाडीच्या पुढच्या चाकापाशी ठेवला, चप्पल काढली आणि सुरू केलं गाऱ्हाणं.

ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे कुठल्याही शुभकार्यात घरातला वडीलधारा देवापुढे उभा राहून सगळं मोठ्याने मांडतो. काय झालं, काय हवं, काय टळावं. आणि प्रत्येक वाक्याअखेर भोवती उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हा होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य निघत नाही. आणि आमचा माणूस दातांच्या दवाखान्यात आ करून बसलेला असला, आणि बाहेर कुणी गाऱ्हाणं घातलं, तरी तो आतून व्हय म्हाराजा म्हणेल.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या नावान ही गाडी घेतल्यान...”

“व्हय म्हाराजा!” मालक म्हणाला. त्याचे हात आपोआप जुळले होते.

“बाबा, अजून घेतली नाही,” मी पुटपुटलो.

“गप ऱ्हव. म्हाराजा! ह्या गाडयेची जी काय इडापीडा आसात, ती सात समुंदरापलीकडे धाड!”

“व्हय म्हाराजा!”

आता वॉचमनही येऊन उभा राहिला. तो पार उत्तरेकडचा, पण दुसऱ्याच वाक्याला त्याने सूर पकडला आणि मालकापेक्षा मोठ्याने म्हणू लागला. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकी गॅलरीत आल्या, त्यांनीही हात जोडले. वडिलांना श्रोते मिळाले म्हणजे बघायला नको. आवाज चढला.

“म्हाराजा! दरसालच्या गणपतीक ह्या गाडयेन ह्येच्या पोराबाळांका घाटातसून सुखरूप हाडल्यान, सुखरूप व्हरल्यान, तशीच आता आमकाय हाड, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वॉचमन गरजला. काकींनी वरून साथ दिली.

मालक गप्प.

वडील थांबले. डोळे उघडले. “तू नको म्हणा,” ते वॉचमनला म्हणाले, “गाडी ह्येची आसा. ह्येका म्हणांदे.” आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

मालक गप्पच. मान खाली. त्याच्या ओठांवर ते दोन शब्द येत होते आणि परत आत जात होते, हे मला इतक्या जवळून स्पष्ट दिसत होतं.

तेव्हाच ते कबुतरं उडवणारं ओरडणं. “अरे व्हय म्हण! व्हय म्हण मरे!”

“म्हणूक येणा नाय, काका,” तो शेवटी म्हणाला. “देवासमोर खोटा कसा बोलू? गेल्या गणपतीक गाडयेन आमका नाय हाडल्यान. आमीच तिका हाडला. टेम्पोवर घालून.”

वॉचमनने जोडलेले हात सोडले आणि काकी गॅलरीतून आणखी पुढे वाकल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. घाटात, रांगेत, चढावर, गाडी तापली. इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप फुटला होता. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधे जे पातळ पत्र्याचं अस्तर असतं, हेड गॅस्केट, ते जळालं. पोरगी रस्त्याच्या कडेला बसून रडली. गणपतीची पहिली आरती चुकली. मुंबईत आणून सगळं नवीन घातलं, पण तेव्हापासून तो तिला टोलनाक्याच्या पुढे घेऊन गेला नव्हता. “इंजिनावर विश्वास आसा,” तो म्हणाला. “माझ्यावर नाय ऱ्हवलो.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला विचारायचंच होतं. “ते जळलेलं गॅस्केट कसं दिसतं?”

तो वर गेला आणि माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं घेऊन आला. आपली माणसं फुटकं टमरेलसुद्धा टाकत नाहीत, हा तर गाडीचा अवयव! जुना पंप होता, त्याचा पंखा खाल्लेल्या पापडासारखा. आणि ते गॅस्केट. एका भोकाच्या कडेला बोटभर काळा डाग. एवढासा. एवढ्याशा डागाने एका घराची आरती चुकवली होती. मी ते उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिलो. मग फोटो काढून मरोळला पाठवला.

सोबत्याचा फोन लगेच आला. आपल्या यंत्राला हे कसं दिसलं नाही यावर तो एक अक्षर बोलला नाही. उलट म्हणाला, “मी तुला बोललो होतो ना, झकास आहे! अरे, या गाडीत जे मोडायचं ते मोडून झालंय. पंप नवा, गॅस्केट नवं, रेडिएटर नवा. दुसरी घेशील तर तिचं हे सगळं अजून मोडायचं असेल. तुझ्याकडे.”

मी वडिलांकडे बघितलं. ते अजून अनवाणी उभे होते, गाऱ्हाणं अर्धं होतं ना.

“काय करू, बाबा?”

“गाडयेतला माका काय कळता?” ते म्हणाले. “पण ह्यो झील खोटा म्हणूक नाय.” मालकाला ते चक्क झील, म्हणजे मुलगा, म्हणाले.

आणि त्यांनी परत हात जोडले. “म्हाराजा! ज्या घाटात ही एकदा बसली, त्याच घाटात आता परत बसूक नये, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी मालकाचा आवाज वॉचमनच्या वर गेला. टायर त्याने दिले. नारळ मी फोडला.

घरी येऊन मी बायकोला सगळी हकिगत सांगितली, कबुतरांसकट, रंगवून. टेम्पोच्या भागाशी आलो तेव्हा जरा घाई केली. तिने मान वळवून वडिलांना विचारलं, “बाबा, म्हणजे एकदा टोचन लागलंय तिला?”

“लागला,” वडील म्हणाले.

“ते आधीच्या मालकाकडे,” मी म्हणालो. “तुझी अट आपल्यापासून सुरू होते.”

तिने चिरलेला कांदा कढईत लोटला. मग म्हणाली, “बघू.”

गणपतीला निघालो. डिकी भरलेली, मागे वडील, पोरं आणि मखराचं सामान, पुढे बायको. माणगावला नेहमीसारखी रांग, एवढी लांब की पुढची माणसं घरी पोचून आंघोळी करून आली असावीत. मी तापमानाचा काटा बघत होतो. बायकोही तोच काटा बघत होती. ती तर रस्ता बघतच नव्हती. मधेच तिच्या मांडीवरचा माझा फोन वाजायचा. मुलुंडचा मालक. तो या वर्षी बसने गावी पोचला होता.

“घाट इलो काय?”

“नाही अजून,” बायको सांगायची.

परत फोन. “काटो खय आसा?”

“मधे.”

सासरहून इतके फोन तिला लग्न ठरल्यावरही आले नव्हते.

घाट आला. पुढे ट्रक, मागे एसटी, मुंगीच्या पावलांनी चढ. शेजारी कडेला एक पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी होती, आतून वाफ. मी मोठ्या कष्टाने काही बोललो नाही. काटा मधेच. माझी बोटं स्टिअरिंगवर इतकी घट्ट की नंतर कातड्यावर ठसे उमटलेले दिसले, आजही ऊन तिरपं पडलं की दिसतात. मागून फक्त वडिलांचं पुटपुटणं, आणि दर थोड्या वेळाने, हळू आवाजात, माझ्या दोन्ही पोरांचं “व्हय म्हाराजा.”

माथ्यावर ट्रक बाजूला झाला. रस्ता मोकळा. मी गिअर उतरवला आणि पायाने नुसतं विचारलं. आणि तिच्यातला बुवा टिपेला गेला! गाडीतले सगळे सीटला चिकटले, मखराचा थर्माकोल करकरला, झाडं मागे पळाली, सह्याद्री दोन पावलं बाजूला सरकला. मला वाटतं मी ओरडलो.

“झिला,” मागून वडील म्हणाले, “देव सावकाशय ऐकता.”

संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या खळ्यात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. थंड होताना ते टक् टक् करत होतं. मी खाली उतरलो, बॉनेटवर हात ठेवला, जसा घोड्याच्या मानेवर ठेवतात, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं बायकोला विचारलं, “काय मग? आली की नाही? टोचन लागलं का कुठे? आता बोल!”

तिने डिकीतून पिशव्या काढल्या, एक माझ्या हातात दिली.

“परत जायचंय अजून,” ती म्हणाली.